मुराळ्याचं विमान

लेकीचा फोन आला तेव्हा मी मेंढरांना पाला टाकत होतो. मेंढरं आता नऊच राहिलीत. एके काळी तीनशे होती. नवातली दोन म्हातारी आहेत, चालवत नाही त्यांना, पण विकायची म्हटलं की मीच गप बसतो.

"आप्पा, एक विचारू का?" ती म्हणाली.

"इचार की. त्यासाठीच फोन केलास न्हवं."

"आई नाही म्हणजे माझं माहेर संपलं का?"

पाल्याचा भारा हातातच राहिला. बायकोला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. लेक जळगावला दिलेली. जावई तिकडं नोकरीला, लेक शाळेत शिकवते. लग्नाला सात वर्षं झाली आणि आत्ता कुठं तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. पण माहेरी आई असते म्हणून रीत. नुसत्या बापाच्या घरी पोरीनं बाळंत व्हायला यावं तरी कशाच्या भरवशावर.

"बाप मेला का तुझा?" मी म्हणालो.

मी असंच बोलतो. बायको असती तर मागून म्हणाली असती, जरा गोड बोलावं माणसानं. पलीकडं लेक हसली का रडली ते फोनवर कळलं नाही. एवढं म्हणाली, "मग न्यायला या."

त्याच दिवशी मी दौंडला गेलो, माझ्या थोरल्या बहिणीकडं. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिनं आमच्या वस्तीवरच्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ घातली आहे. मी दारातच सांगितलं, "आक्का, पोरगी बाळंतपणाला येतीय. तीन महिनं माझ्याकडं ऱ्हायचं."

"आन् माझ्या कोंबड्या?"

"कोंबड्या बी आण."

तिनं आणल्या. सात कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन आक्का निमोण्याला आली आणि आल्या आल्या माझं घर बघून म्हणाली, "हितं बाळातीण ठिवायची? हितं तर चोर बी पाय ठिवायचा न्हाई." मग चार दिवस आम्ही दोघं म्हातारे घर धूत होतो.

हे सगळं एवढं मनाला लावून घ्यायचं कारण सांगतो. माझी बायको पहिल्या खेपेला माहेरी गेली नव्हती. आम्ही तेव्हा मेंढरामागं असायचो. दिवाळी झाली की कोकणाकडं निघायचं, पाऊस तोंडावर आला की परत फिरायचं. तिला आठवा लागला तेव्हा आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, मुळशीकडच्या माळावर होता. तिचा भाऊ मांडवगण फराट्याहून तिला न्यायला निघाला. आम्ही कुठं आहोत हे त्याला जे कळलं होतं ते आठ दिवसांपूर्वीचं. तो एका माळावर पोचायचा तर आम्ही पुढच्या माळावर गेलेलो. राखेच्या चुली बघत बघत तो आमच्या मागं चालला, पीठ संपलं, पायताण तुटलं, आणि शेवटी परत गेला. इकडं लेक माळावरच झाली. बायकोनं हे तीस वर्षं ऐकवलं. मला नाही, भावाला. "माझा मुराळी वाट चुकला," म्हणायची. लेकीला न्यायला सासरी जो जातो तो मुराळी. बहुतेक भाऊ असतो. माझ्या लेकीला भाऊ नाही, म्हणून मुराळी मी.

पुतण्या म्हणाला, "नाना, मी जातो की." तो चाळिशीचा आहे, पिकअप चालवतो, दुधाचे कॅन डेअरीला पोचवतो. मी म्हणालो, "तू मला सोड. आणायला मीच जाणार."

अडचण डॉक्टरीणबाईंनी घातली होती. लेकीची तब्येत जरा नाजूक. त्यांनी सांगितलं, मोटारीनं नाही जायचं, रेल्वेनं आठ-नऊ तास बसायचं नाही. जायचंच असेल तर विमानानं, आणि तेही या गुरुवारच्या आत, पुढं मी चिठ्ठी देणार नाही. चिठ्ठीशिवाय विमानवाले घेत नाहीत. आणि ते विमान रोज उडत नाही. सोमवारी होतं, बुधवारी होतं, मग एकदम शनिवारी. म्हणजे सोमवारी मी जायचं आणि बुधवारी लेकीला घेऊन यायचं. मध्ये एक दिवस. जावयानं तिकिटं काढून मोबाईलवर पाठवली.

आदल्या दिवशी पुतण्यानं मोबाईल माझ्या पुढं धरला. "हे बघा नाना. पुणे विमानतळ ते जळगाव विमानतळ. हवाई अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. येळ एक तास."

"सरळ रेघ दिसती ही."

"विमान सरळच जातं. त्याला काय घाट आडवा येतो का वढा."

मी मनातल्या मनात बोटं मोजली. मेंढरं दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालतात. त्यात कोकरं असली तर आठच. म्हणजे मेंढरांच्या चालीनं महिन्याची वाट, आणि ती एका तासात. मला ते पटलं नाही, पण मोबाईलशी कोण भांडणार. आक्का चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "तासात तर माझी डाळ बी शिजत न्हाई."

सोमवारी विमान दुपारी तीनला. आम्ही सकाळी आठला निघालो. निमोण्याहून पुण्याचं विमानतळ म्हणजे न्हावरा, तळेगाव, शिक्रापूर, वाघोली असं पश्चिमेला. आम्ही निघालो पूर्वेला, मांडवगणला. मामाची साडी न घेता भाचीला आणायला जायचं कसं? मेव्हण्यानं आधीच निरोप ठेवला होता, साडी माझ्या हातची जायला पाहिजे.

मेव्हणा ओट्यावर वाट बघत बसला होता. पासष्टीचा माणूस, पण बहिणीच्या विषयावर अजून लहान होतो. साडी काढली, हिरवी. खण काढला. मग आत हाक मारून भाकरी टाकायला सांगितली.

"अरं, विमान हाय तीनला," मी म्हणालो.

"दाजी, विमान किती येळात पोचतं?"

"तासाभरात."

"आन् आत्ता वाजलं किती? साडेनऊ. तासाभराच्या वाटंला साडेपाच तास हायत तुमच्यापाशी. बसा गप."

या हिशोबात खोट काय ते मला दिसेना. पुतण्यालाही दिसली नाही, तो आधीच पाटावर बसला होता. मेव्हण्याच्या सुनेनं वांग्याचं कालवण केलं होतं. मेव्हणा माझ्या ताटात वाढत राहिला आणि मध्येच थांबून म्हणाला, "दाजी, म्या तवा पोचलो न्हाई. तुमी पोचा." मी आणखी अर्धी भाकरी घेतली.

न्हावऱ्यात पुतण्याची सासुरवाडी. रस्त्यालाच घर. मुराळी दारावरून सरळ गेला तर पुढच्या लग्नात ते बोलून दाखवतील. चहा झाला, शेवया मिळाल्या. तिथंही मी म्हणालो विमान आहे, आणि तिथंही पुतण्याचा सासरा म्हणाला, "तासाभराचं तर हाय." तळेगावात माझी भाची. तिनं डिंकाचे लाडू करून ठेवले होते, डबा सापडेना. डबा सापडेपर्यंत दुसरा चहा. तीही म्हणाली, "मामा, तासात तर पोचायचं तुमास्नी, बसा की."

तळेगावातून निघालो तेव्हा गाडीत हिरवी साडी, खण, शेवया, लाडू, गावठी तूप आणि एक कोहळा होता. कोहळा कुणी दिला ते अजून आठवत नाही.

शिक्रापूरच्या चौकात आलो आणि अडकलो. ज्यानं तो चौक बघितलाय त्याला सांगायला नको. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मधे कारखान्याच्या पाळीच्या बसा, आणि दुचाकीवाले फटीफटीतून. पिकअप बंद करून पुतण्या खाली उतरला, लांबवर बघून परत आला आणि बसला. कोहळा माझ्या मांडीवर होता.

लेकीचा फोन आला. "आप्पा, आत गेलात का?"

"आत न्हाई अजून."

"मग कुठं आहात?"

"शिक्रापूर."

ती म्हणाली, "आप्पा, तिथं दोन तास आधी पोचायचं असतं. तासभर आधी ते खिडकी बंद करतात. मी दादाला मेसेज केला होता."

मी पुतण्याकडं बघितलं. त्यानं बाहेर कंटेनरकडं बघितलं.

"तासाभराच्या वाटंला दोन तास आधी कशाला?" मी म्हणालो. आता हे बोलायची गरज नव्हती, पण तोंडातून गेलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "बुधवारी माझ्याबरोबर कुणी नसलं तर घरातले मला एकटीला पाठवणार नाहीत. मग मी इथंच राहते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. 'इथंच राहते' असं ती म्हणाली ना, तेव्हा मला माझ्या बायकोचा तो माळ दिसला. राखेच्या चुली बघत फिरणारा एक मुराळी आमच्या घरात आधीच झाला होता. दुसरा मी कसा होऊ?

"नाना," पुतण्या म्हणाला, "आता विमान मिळत न्हाई. वाघोलीत तर याच्याहून बेकार असंल. माघारी फिरू. दौंडला मनमाडाकडची गाडी धरा, सकाळी जळगाव."

"फिरव."

"राग न्हाई ना आला?"

"आलाय. फिरव."

त्यानं पिकअप कशी वळवली देवाला ठाऊक. न्हावऱ्याहून चौफुल्याच्या रस्त्यानं दौंडला. या खेपेला न्हावऱ्यात त्याच्या सासऱ्याचं घर आलं तेव्हा सासरा ओट्यावरच होता. हात केला. पुतण्यानं मान खाली घातली आणि गाडी दामटली. सासरा आजही विचारतो, त्या दिवशी काय झालं होतं.

दौंडला गाडी मिळाली. साध्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रांजणगावच्या कारखान्यातली बिहारी माणसं गावाकडं चालली होती, सगळी पोत्यांवर बसलेली. एकानं माझ्या मांडीवरचा कोहळा बघितला आणि उठून जागा दिली.

"चाचा, कहाँ?"

"जळगाव. लडकी को लाने. डिलिवरी को."

"मायके लाने जा रहे हैं," त्यानं बाकीच्यांना सांगितलं, आणि मग अख्ख्या डब्यानं मला सांभाळलं. कुणी पाणी दिलं, कुणी सातू भरलेली लिट्टी दिली. त्यांच्याकडंही हीच रीत आहे म्हणे. मी भाचीच्या लाडवांतले दोन काढून दिले. तिला सांगितलं नाही.

सकाळी जळगावला उतरलो. लेकीनं दार उघडलं. पोट एवढं पुढं आलेलं, चेहरा भरलेला, अगदी आईसारखी कमरेवर हात देऊन उभी. "आलात," म्हणाली. "आलो," म्हणालो. आणि कोहळा तिच्या हातात द्यायला गेलो तर तिची सासू आतून ओरडली, जड उचलायचं नाही.

विहीणबाई बाई चांगली. वांग्याचं भरीत, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वर तेल-मिरची. मी जेवता जेवता म्हणालो, "उंद्या अकराला निघावं लागंल म्हंत्यात. दोन तास आधी पोचायचं असतं." तेवढं आता मला कळलं होतं.

"उद्या?" विहीणबाईंचा हात थांबला. "उद्या बुधवार."

जावई ताटात बघू लागला. म्हणजे त्यानं आईला वार सांगितलाच नव्हता.

"व्याही, बुधवारी मी सून पाठवणार नाही," त्या म्हणाल्या. "जाशील बुधी, येशील कधी. आमच्याकडं पाळतात हे."

"पाळत्यात आमच्याकडं बी. पर विमान पाळत न्हाई. गुरुवारी चिठ्ठी संपती, शनिवारपातुर विमान न्हाई."

"मग बाळंतपण इथं होईल. मी काय कमी करणार आहे तिचं?"

"कमी नाही करणार," लेक म्हणाली. पण ती भिंतीकडं बघत होती.

मी काहीतरी तिखट बोलणार होतो. जिभेवर आलं होतं. पण विहीणबाईच पुढं म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण बुधवारी गेली होती माहेरी. बाळंतपणालाच." आणि उठून भांडी घासायला मोरीत गेल्या. त्या बहिणीचं काय झालं ते विचारायची गरज नव्हती. मी तोंडातला घास गिळला. वाराची गोष्ट थट्टेनं सुटणारी नव्हती, आणि भांडूनही नाही.

मी ओसरीवर जाऊन बसलो. तंबाखू मळत बसलो. जावई येऊन म्हणाला, "मामा, मी समजावतो आईला."

"समजावू नका. तुमची आई खरं बोलती."

माझी बायको काय करायची ते मला तिथं आठवलं. मेंढरं हलवायची म्हणजे वार बघून चालत नाही. पाला संपला की निघावंच लागतं, मग बुधवार असो नाही तर अमावास्या. मग ती आदल्या दिवशी एक तांब्या आणि मूठभर पीठ फडक्यात बांधून शिवेच्या पलीकडं झाडाखाली ठेवून यायची. आली की म्हणायची, निघालो आपण. दुसऱ्या दिवशी मागून आम्ही जायचो, पण निघालो ते आदल्याच दिवशी. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. मी तेव्हा हसायचो. म्हणायचो, देवाला काय येडं समजती का. ती म्हणायची, देवाला न्हाई, माझ्या जिवाला समजावते.

मी मोरीपाशी गेलो. विहीणबाई ताट घासत होत्या.

"बाई, परस्थान ठिवलं तर?"

त्यांनी वर बघितलं नाही. ताट दोनदा घासलं. मग म्हणाल्या, "कुठं ठेवायचं?"

"शीव कुठं तुमच्या वस्तीची?"

"नाल्यापलीकडं दुसरी कॉलनी लागते. तिथं हिच्या शाळेतल्या एक बाई राहतात."

"मंगळवार चालतो का पर तुमाला?"

"मंगळवारचं आमच्याकडं काही नाही," त्या म्हणाल्या आणि हात पुसले. "आज दुपारीच ठेवून टाकू."

मग दुपारी उन्हाच्या वेळेला आमची मिरवणूक निघाली. पुढं विहीणबाई, हातात हळदीकुंकवाचं ताट. मागं मी, डोक्यावर लेकीची बॅग. बॅगेला चाकं होती, पण प्रस्थान ओढत न्यायचं नसतं, असं विहीणबाईंनी सांगितलं. त्यांच्यामागं लेक, तिला सावली म्हणून जावई छत्री धरून. नाल्यावरच्या पुलावर एक रिक्षावाला थांबला आणि विचारलं, "काका, स्टेशन का?" जावई म्हणाला, "नाही, समोरच्या कॉलनीत." रिक्षावाला बराच वेळ आमच्याकडं बघत होता.

शाळेतल्या बाईंनी बॅग देवापाशी ठेवली. विहीणबाईंनी तिथंच लेकीची ओटी भरली. तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "तू मंगळवारी निघालीस. लक्षात ठेव. कुणी विचारलं तर मंगळवार सांगायचं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "व्याही, ही अक्कल तुम्हाला कुणी दिली?"

"हिच्या आईची हाय," मी म्हणालो. "माझ्याकडं कुठली."

दुसऱ्या दिवशी आम्ही विमानतळावर दोन नाही, साडेतीन तास आधी गेलो. मी ऐकतच नव्हतो. शिपायानं अजून दार उघडलं नव्हतं. जळगावचं विमानतळ शिरूरच्या एसटी स्टँडपेक्षा स्वच्छ आणि त्याच्याहून शांत. खिडकीवरच्या पोरीनं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचली, तारीख बघितली, परत वाचली. मग तिनं शिक्का मारला. पुढं तपासणीत माझ्या बंडीच्या खिशातून अडकित्ता निघाला. तो जाणार नाही म्हणाले. "सुपारी फोडायचा हाय, माणसं न्हाई," मी म्हणालो. लेकीनं मला कोपरानं ढोसलं आणि अडकित्ता बाहेर जावयाकडं पाठवला. तो अजून जळगावलाच आहे.

विमान पंख्यांचं होतं, लहान. वर गेलं तेव्हा मी खुर्चीचा दांडा धरून बसलो. लेक खिडकीकडं बसलेली, पण तिनं मला जागा बदलून दिली. म्हणाली, "तुम्ही बघा. मी झोपते."

खाली बघितलं. शेतं म्हणजे वाकळेची ठिगळं. रस्ते दोऱ्यासारखे. मला मेंढरं दिसतील असं वाटलं होतं, ती नाही दिसली. पहिल्यांदा मी आपला हिशोब करत होतो, हा डोंगर म्हणजे एक मुक्काम, ती नदी म्हणजे दुसरा. पण मुक्काम इतके भराभर मागं पडायला लागले की मोजणं सोडून दिलं. एक माळ दिसला, उघडा, पिवळा, वर एकच झाड. तिथं आम्ही कधी उतरलो होतो का नाही, कुणास ठाऊक. बायको असती तर तिनं वरूनसुद्धा सांगितलं असतं, इथलं पाणी खारं होतं म्हणून. मी लेकीला उठवून विचारणार होतो, पण ती तोंड उघडं टाकून झोपली होती. आई अशीच झोपायची. मी तिच्या अंगावर शाल ओढली आणि बघत बसलो. डाव्या अंगाला लांब पाणी चमकलं. धरण असावं, घोडचं. म्हणजे त्याच्या पलीकडं कुठंतरी आक्का आमच्यासाठी चूल पेटवत असणार. मला कधी नाही ते हसू आलं. हवाईसुंदरी म्हणाली, "बाबा, काही हवंय का?" मी म्हणालो, "न्हाई बाई. आमचं गाव आलं."

तासाच्या आतच उतरलो. बाहेर आलो तर पुतण्या उभा, आणि त्याच्या शेजारी मेव्हणा. धुतलेलं धोतर, नवा फेटा.

"तू कशाला आलास?" मी म्हणालो.

"दाजी, सकाळी आठपून हितंच हाय," मेव्हणा म्हणाला. "ह्या खेपंला म्हणलं, कुणी बी कुठं बी उतरू दे, आपुन आधी हजर." मग भाचीकडं बघून त्यानं तिचीच पिशवी हिसकावून घेतली आणि गाडीकडं चालू लागला.

पुतण्या पिकअप नाही, मित्राची कार घेऊन आला होता. त्यानं सगळीकडं फोन करून ठेवले होते की थांबणार नाही, काय द्यायचं ते रस्त्यावर द्या. तळेगावात माझी भाची रस्त्याच्या कडेला डबा घेऊन उभी होती. गाडी हळू झाली, डबा खिडकीतून आत आला, आणि ती गाडीबरोबर धावत धावत विचारत होती, "पहिलं लाडू पुरलं का?" न्हावऱ्यात पुतण्याच्या सासऱ्यानं कणसांची पिशवी फेकली, ती मेव्हण्याच्या फेट्यावर बसली. जळगाव ते पुणे एक तास लागला. पुणे ते निमोणे पावणेतीन तास लागले. मोबाईलवर हे अंतर कुणी टाकत नाही.

आक्का दारात भाकरतुकडा घेऊन उभी. लेकीवरून उतरून टाकला, पायांवर पाणी घातलं. लेक आत आली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. घर बघत होती. आम्ही म्हाताऱ्यांनी भिंती सारवल्या होत्या, पण भांडी चुकीच्या फळीवर मांडली होती, आई मांडायची तशी नव्हती. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. मला वाटलं, आता रडते.

"हे डबे कुणी इथं लावले?" ती म्हणाली.

"म्या," आक्का म्हणाली.

"आत्ती, हिथं पीठ ठेवतात का? मुंग्या लागतील. आप्पा, तुम्हाला कळत नाही का?"

"न्हाई कळत," मी म्हणालो.

ती मधल्या घरात वाकळेवर आडवी झाली. पाय लांब केले. डोळे मिटून म्हणाली, "मला हुलग्याचं माडगं पाहिजे."

आक्का उठायला लागली. लेकीनं डोळे न उघडता तिचा पदर धरला. "तू बस. आप्पांना करू दे."

आयुष्यात मी माडगं केलं नव्हतं. हुलग्याचं पीठ कुठं आहे तेही आक्काला विचारावं लागलं. पाण्यात सोडलं, ढवळायला जरा उशीर झाला. जिरं जळलं. वाटीत ओतून दिलं. लेकीनं उठून एक घोट घेतला.

"गाठी झाल्यात."

"झाल्यात."

"गूळ कमी."

"आणतो."

"आणि करपलंय." तिनं वाटी पुढं केली. "आणखी द्या."

दुसरी वाटी पिता पिता तिनं जळगावला फोन लावला. विहीणबाई असाव्यात. ती म्हणाली, "हो, पोचले. माहेरी. हो, मंगळवारीच निघाले." मग ऐकलं आणि हसली. "आप्पांनी केलंय. नाही, खाण्यासारखं नाहीये."

मेव्हणा ओट्यावर बसून ऐकत होता. त्यानं फेटा काढून गुडघ्यावर ठेवला आणि आत हाक मारली, "दाजी, मला बी वाटीभर द्या मंग."

त्याला दिलं. तळाला जे उरलं ते मी पातेल्यातच बोटानं पुसून खाल्लं.